लसावि बरोबर, उत्तर चूक: शाब्दिक उदाहरणं नेमकी कुठे अडतात

तक्रार साधारण अशी असते. १२, १५ आणि १८ चा लसावि (लघुत्तम सामाईक विभाज्य, म्हणजे या तिन्हींनी निःशेष भाग जाणारी सर्वात लहान संख्या) काढायला सांगा, मुलगी अर्ध्या मिनिटात १८० लिहून मोकळी होते. त्याच तीन संख्या घंटांमध्ये, फरशांमध्ये किंवा कवायतीच्या रांगांमध्ये घालून द्या, की गाडी रुतते. मग पालक म्हणतात 'गणित कच्चं आहे', क्लासवाले म्हणतात 'सराव वाढवा', आणि आणखी चाळीस-पन्नास उदाहरणं त्याच चुकीच्या सवयीने सोडवली जातात. शिष्यवृत्तीला बसलेल्या मुलांची ही अडचण असतेच, पण पोलीस भरती आणि तलाठीच्या तयारीला लागलेली मोठी मुलंही नेमकी इथेच गुण घालवतात.

माझं मत असं की यात आकडेमोडीचा दोष फार थोडा असतो. लसावि हा या उदाहरणांमधला मधला टप्पा आहे. त्याच्या आधी एक निर्णय घ्यावा लागतो: लसावि काढायचा का, आणि नेमका कशाचा? त्याच्या नंतर एक काम उरतं: आलेल्या संख्येचं करायचं काय? चुका होतात त्या या दोन टोकांना, आणि सराव चालतो तो मधल्या टप्प्याचा. तेव्हा आधी आपली चूक कुठल्या जातीची आहे ते ओळखा आणि मग तेवढीच दुरुस्त करा.

लसावि की मसावि, हेच ठरत नाही

यावर एक सल्ला सर्रास दिला जातो: 'सर्वात लहान' किंवा 'कमीत कमी' दिसलं की लसावि, 'सर्वात मोठी' किंवा 'जास्तीत जास्त' दिसलं की मसावि (महत्तम सामाईक विभाजक, म्हणजे दिलेल्या सगळ्या संख्यांना निःशेष भागणारी सर्वात मोठी संख्या). हा सल्ला टाकून द्या. निम्मा घोटाळा यानेच होतो.

उदाहरण पाहा. '१२, १५ आणि १८ ने निःशेष भाग जाणारी सर्वात मोठी चार अंकी संख्या कोणती?' इथे 'सर्वात मोठी' आहे, पण मसाविचा काहीच संबंध नाही. लसावि १८०. सर्वात मोठी चार अंकी संख्या ९९९९, तिला १८० ने भागलं की भागाकार ५५ आणि बाकी ९९. बाकी वजा केली की ९९००.

आता उलट बाजू. '४८० सेमी लांब आणि ३६० सेमी रुंद खोलीत एकसारख्या चौरस फरशा न कापता बसवायच्या आहेत, कमीत कमी किती फरशा लागतील?' शब्द 'कमीत कमी', पण काढायचा आहे मसावि. फरशी जितकी मोठी तितक्या फरशा कमी. ४८० आणि ३६० चा मसावि १२०, म्हणजे फरशीची बाजू १२० सेमी. लांबीत ४ बसतात, रुंदीत ३, एकूण १२.

तर शब्दांवर भरवसा ठेवायचा नाही. विचारायचा प्रश्न एकच: जी संख्या मला शोधायची आहे ती भाज्य आहे की भाजक? म्हणजे दिलेल्या संख्या तिला भागतात, की ती दिलेल्या संख्यांना भागते? पहिल्या उदाहरणात शोधायच्या संख्येला १२, १५ आणि १८ ने भागायचं आहे. ती भाज्य आहे, म्हणून लसाविचं घराणं. दुसऱ्यात फरशीची बाजू ४८० आणि ३६० ला भागते. ती भाजक आहे, म्हणून मसावि. हा प्रश्न वहीत खरोखर लिहायचा, निदान पहिली वीस-पंचवीस उदाहरणं. 'शोधायचं: भाज्य' किंवा 'शोधायचं: भाजक', एवढे दोन शब्द पुरतात.

फरशांचं आणखी एक उदाहरण याच्या शेजारीच सोडवून घ्या, म्हणजे 'फरशी आली की मसावि' अशी नवी पाठांतराची खोड लागत नाही. १२ सेमी × १८ सेमी मापाच्या आयताकृती फरशा एकाच दिशेने लावून लहानात लहान चौरस करायचा आहे. चौरसाची बाजू १२ नेही भागली गेली पाहिजे आणि १८ नेही. बाजू भाज्य, लसावि ३६. एका बाजूला ३ फरशा, दुसरीला २, एकूण ६.

याला जोडून मापाची एक झटपट तपासणी. लसावि दिलेल्या सर्वात मोठ्या संख्येपेक्षा लहान येत नाही आणि मसावि दिलेल्या सर्वात लहान संख्येपेक्षा मोठा येत नाही. 'लघुत्तम' नाव असलेला मोठा आणि 'महत्तम' नाव असलेला छोटा, या गोंधळात बरेच जण अडकतात. चौरसाची बाजू ६ सेमी आली असेल, तर त्यात १८ सेमीची फरशी मावेल कशी? इतकं विचारलं तरी मुलं स्वतःच उत्तर खोडतात.

लसावि आला आणि पेन खाली ठेवलं

ही माझ्या मते सगळ्यात जास्त गुण खाणारी चूक, आणि हुशार मुलांची. आकडेमोड झाली, संख्या छान सुटसुटीत आली, पर्यायांमध्येही ती दिसली, की लगेच गोल काळा. पेपर काढणारे तो पर्याय तिथे मुद्दामच ठेवतात.

समजा पावाच्या एका लादीत ८ पाव आहेत आणि कटलेटच्या एका पाकिटात १२ कटलेट. पावही उरू नये आणि कटलेटही उरू नये, तर कमीत कमी किती लाद्या आणि किती पाकिटं आणावी लागतील? लसावि २४. पण २४ ही पावांची संख्या आहे, लाद्यांची नाही. लाद्या ३, पाकिटं २.

सायकलचंही तेच. पेडलच्या चक्राला ४८ दाते, मागच्या चक्राला १८. दोन्ही चक्रं पुन्हा पहिल्या स्थितीत एकदम यायला पेडलच्या कमीत कमी किती फेऱ्या होतील? लसावि १४४, पण हे पुढे सरकलेले दाते झाले. पेडलच्या फेऱ्या १४४ ÷ ४८ = ३, आणि तेवढ्यात मागचं चक्र ८ वेळा फिरतं.

यावर उपाय अगदी साधा आहे, पण नेटाने पाळावा लागतो. लसावि लिहिला की त्याच्यापुढे एकक लिहायचं. १४४ काय? दाते. १८० काय? मुलं, सेकंद, सेंटिमीटर? मग प्रश्नाच्या शेवटच्या ओळीतलं एकक पाहायचं. दोन्ही जुळत नसतील तर काम अजून बाकी आहे.

कधीकधी एकक जुळतं, तरी लसावि हे उत्तर नसतं. 'रोपं ६-६, ८-८ किंवा ९-९ च्या ओळींत लावली तर एकही उरत नाही. रोपं २५० पेक्षा जास्त आणि ३०० पेक्षा कमी आहेत.' लसावि ७२, पण ७२ या मर्यादेत कुठे बसतं? ७२ च्या पटी लिहीत जा: ७२, १४४, २१६, २८८. उत्तर २८८. किंवा कवायतीचं उदाहरण घ्या: मुलं १२, १५, १८ च्या रांगांत तर बरोबर बसतातच, शिवाय त्यांचा भरीव चौरसही करता येतो. लसावि १८० = २ × २ × ३ × ३ × ५. यात ५ ला जोडीदार नाही. तो दिला की १८० × ५ = ९००, म्हणजे ३० गुणिले ३० चा चौरस. १८० मुलांचा चौरस होत नाही, हे वहीत ठिपके न काढताही मूळ अवयवांवरून दिसतं.

दिवस, वार आणि 'आड'

मराठीत शिकणाऱ्या मुलांसाठी हा खास सापळा आहे, आणि इंग्रजी पुस्तकांतून भाषांतरित केलेल्या प्रश्नसंचांत तो नीट सोडवलेला क्वचितच दिसतो.

उन्हाळ्यात कितीतरी गावांत नळाला पाणी 'दिवसाआड' येतं. दिवसाआड म्हणजे मध्ये एक दिवस खाडा, म्हणजेच दर दुसऱ्या दिवशी. याच न्यायाने 'दोन दिवसांआड' म्हणजे दर तिसऱ्या दिवशी आणि 'तीन दिवसांआड' म्हणजे दर चौथ्या दिवशी. घरी कळशा भरणाऱ्या मुलांना हे पक्कं माहीत असतं, पण वहीत 'तीन दिवसांआड' वाचलं की तीच मुलं ३ घेतात.

'पेठेत दोन दिवसांआड पाणी येतं, गावठाणात तीन दिवसांआड. आज सोमवारी दोन्हीकडे पाणी आलं. पुन्हा दोन्हीकडे एकाच दिवशी कोणत्या वारी येईल?' २ आणि ३ घेणारा ६ काढतो आणि रविवार लिहितो. खरं तर घ्यायचे आहेत ३ आणि ४, लसावि १२. बारा दिवसांत एक पूर्ण आठवडा आणि वर पाच दिवस. सोमवारपासून पाच दिवस पुढे म्हणजे शनिवार.

'आठ दिवसांनी' हाही असाच. डॉक्टर 'आठ दिवसांनी दाखवायला या' म्हणतात तेव्हा पुढच्या आठवड्याचा तोच वार अभिप्रेत असतो, म्हणजे सात दिवस. 'पंधरा दिवसांनी' म्हणजे बहुतेकदा दोन आठवडे, चौदा दिवस. बोलण्यात आजचा दिवस धरून मोजायची आपली पद्धत आहे. गणिताच्या पेपरात मात्र 'दर ८ दिवसांनी' म्हणजे ८ च घ्यायचे आणि आजचा दिवस शून्य धरायचा. १ मार्चला दोन्ही गोष्टी एकत्र घडल्या आणि लसावि १२ आला, तर पुढची तारीख १३ मार्च, १२ मार्च नाही. महिना ओलांडायचा असेल तर आणखी जपून: २५ फेब्रुवारीपासून बारा दिवसांनी साध्या वर्षी ९ मार्च येतो आणि लीप वर्षी ८ मार्च.

लपलेला सातही याच कुटुंबातला. 'आठवडी बाजार रविवारी भरतो आणि पाणी तीन दिवसांआड येतं. आज रविवार आहे, पाणीही आलं आहे. पुन्हा बाजार आणि पाणी एकाच दिवशी कधी?' प्रश्नात ७ हा आकडा कुठेच छापलेला नाही, म्हणून मुलं चाचपडतात. ७ आणि ४ चा लसावि २८, म्हणजे चार आठवड्यांनंतरच्या रविवारी. वार, महिने आणि घड्याळ आलं की ७, १२, २४, ६० यांतलं काय गुपचूप आत आलं आहे, ते आधी शोधावं.

एक कमी, एक जास्त

चार घंटा ६, ८, १२ आणि १८ सेकंदांच्या अंतराने वाजतात. सकाळी ८ वाजता एकदम वाजल्या. ९ वाजेपर्यंत किती वेळा एकदम वाजतील?

लसावि ७२ सेकंद. ३६०० ÷ ७२ = ५०. आता उत्तर ५० की ५१? ८ चा ठोका धरला तर ५१, धरला नाही तर ५०. पर्यायांत दोन्ही असतात. 'त्यानंतर आणखी किती वेळा' असं असेल तर ५०. '८ ते ९ या वेळेत, पहिल्यासह' असेल तर ५१. प्रश्न मोघम असेल तर मी मुलांना सांगतो की ८ ला वाजल्याचं प्रश्नातच सांगितलं आहे आणि विचारलंय 'वाजतील', तेव्हा ५० धरा. पण ज्या परीक्षेला बसायचं आहे तिच्या जुन्या पेपरांची उत्तरसूची एकदा पाहून घ्या, कारण सगळे पेपर काढणारे इतका नेमका विचार करत नाहीत.

नेमकं काय मोजतोय, याची खात्री करायला छोटा आकडा घ्या. एक तासाऐवजी १४४ सेकंद धरा. ठोके ० ला, ७२ ला आणि १४४ ला. अंतरं दोन, ठोके तीन. मोठ्या आकड्यातही हेच घडतं.

लसावि कशाचा काढला?

गोलाकार धावमार्ग १२०० मीटरचा. तिघे धावपटू मिनिटाला १००, १५० आणि २०० मीटर वेगाने एकाच ठिकाणाहून, एकाच दिशेने निघाले. सुरुवातीच्या जागी पुन्हा तिघे एकत्र कधी येतील? समोर दिसणाऱ्या संख्या १००, १५०, २००, त्यांचा लसावि ६०० काढून '६०० मिनिटे' लिहिणारे कमी नाहीत. वेगाच्या लसाविला इथे काही अर्थ नाही. पुन्हा पुन्हा घडते ती फेरी, म्हणून लसावि फेरीच्या वेळेचा. वेळा १२, ८ आणि ६ मिनिटे, लसावि २४ मिनिटे. ६०० मिनिटांनीही ते तिघे तिथे एकत्र असतात खरे (६०० ही २४ ची २५ वी पट आहे), पण 'पहिल्यांदा कधी' याचं ते उत्तर नाही.

याच उदाहरणात 'सुरुवातीच्या जागी' हे शब्द आहेत की नाहीत, तेही पाहायचं. एकाची फेरी ४ मिनिटांची आणि दुसऱ्याची १० मिनिटांची असेल, तर सुरुवातीच्या जागी ते २० मिनिटांनी भेटतात. पण मार्गावर कुठेही गाठ पडायची असेल तर पहिला दुसऱ्याला त्याच्या खूप आधी गाठतो. मिनिटाला तो १/४ − १/१० = ३/२० फेरी पुढे जातो, म्हणून एक पूर्ण फेरी पुढे जायला २०/३ मिनिटे, म्हणजे ६ मिनिटे ४० सेकंद. हे लसाविचं उदाहरणच नाही, फक्त तसं दिसतं.

एककं मिसळलेली असतील (३ मिनिटे २० सेकंद, ४ मिनिटे, ५ मिनिटे) तर सगळं आधी लहान एककात आणा: २००, २४०, ३०० सेकंद, लसावि १२०० सेकंद, म्हणजे २० मिनिटे. अपूर्णांकांच्या लसाविचं एक सूत्र आहे: अंशांचा लसावि भागिले छेदांचा मसावि, मात्र अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात हवेत. ३/४ तास आणि ५/६ तास यांना ते लावलं तर १५/२, म्हणजे साडेसात तास. सूत्र बरोबर आहे, पण परीक्षेच्या गडबडीत कुठे लसावि आणि कुठे मसावि याची अदलाबदल होते. त्यापेक्षा ४५ मिनिटे आणि ५० मिनिटे करा, ४५० मिनिटे येतात, तेच साडेसात तास. छेद समान करताना लसाविचा वापर तसा फार जुना आहे. नवव्या शतकातले गणिती महावीराचार्य अपूर्णांकांच्या बेरजेसाठी छेदांचा लसाविच वापरायला सांगतात.

बाकी उरली की

इथे सूत्रं पाठ करू नयेत असं माझं ठाम मत आहे. 'लसावि + बाकी' आणि 'लसावि − फरक' ही दोन सूत्रं डोक्यात शेजारी शेजारी राहतात आणि ऐनवेळी नको ते बाहेर येतं. त्याऐवजी डोळ्यांपुढे लाडू आणा.

लाडू ५-५, ६-६ किंवा ८-८ चे डबे भरून ठेवले, प्रत्येक वेळी ३ लाडू उरतात. ते ३ लाडू बाजूला काढा. उरलेले लाडू ५, ६, ८ ने निःशेष भागले जातात, म्हणजे कमीत कमी १२०. बाजूचे ३ परत ठेवा: १२३. (काटेकोर पाहिलं तर ३ या संख्येलाही ५, ६ आणि ८ ने भागल्यावर बाकी ३ च उरते. पण मग एकही डबा भरत नाही, आणि पेपरात ते उत्तर अपेक्षित नसतं.)

दुसरा प्रकार: ६ चे डबे भरले तर ४ उरतात, ८ चे भरले तर ६, १२ चे भरले तर १०. बाक्या वेगळ्या आहेत म्हणून मुलं घाबरतात. पण शेवटच्या अर्धवट डब्याकडे पाहा. सहाच्या डब्यात ४ आहेत, २ कमी. आठच्यात ६ आहेत, २ कमी. बाराच्यात १०, इथेही २ कमी. शेजारणीकडून २ लाडू आणले की तिन्ही हिशेब पुरे होतात. लसावि २४, आणलेले २ परत द्या: २२. तपासा: २२ ला ६ ने भागून बाकी ४, ८ ने भागून ६, १२ ने भागून १०. म्हणजे एक तर जास्तीचे बाजूला काढायचे, नाहीतर कमी पडणारे आणून घालायचे. कुठलं करायचं ते लाडवांवरून कळतं, सूत्र आठवावं लागत नाही.

तिसरा प्रकार: काही भाजकांना बाकी आणि एकाला निःशेष. '२, ३, ४, ५, ६ ने भागल्यास बाकी १ उरते, ७ ने निःशेष भाग जातो.' लसावि ६०, म्हणून संख्या ६१, १२१, १८१, २४१, ३०१ अशा क्रमातली. प्रत्येकीला ७ ने भागत जा. पहिल्या चारांत बाकी राहते, ३०१ ला राहत नाही. सात भाजक असेल तर जास्तीत जास्त सात पायऱ्या तपासाव्या लागतात, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही.

आणि जिथे बाक्याही वेगळ्या आणि कमी पडणारेही वेगळे, तिथे? आर्यभटीयावर इ.स. ६२९ मध्ये भाष्य लिहिणाऱ्या पहिल्या भास्करांनी (बाराव्या शतकातले भास्कराचार्य ते वेगळे) असं एक उदाहरण दिलं आहे: ८ ने भागल्यास बाकी ५, ९ ने भागल्यास ४, ७ ने भागल्यास १. त्यांच्याकडे यासाठी कुट्टक ही रीत होती. शाळेच्या पातळीवर हे दोन पायऱ्यांत सुटतं. आधी फक्त ८ आणि ९ पाहा. ८ ने बाकी ५ येणाऱ्या संख्या ५, १३, २१, २९… यांपैकी ९ ने बाकी ४ देणारी पहिली १३. आता १३ मध्ये ७२ (८ आणि ९ चा लसावि) कितीही वेळा मिळवले तरी या दोन्ही बाक्या बदलत नाहीत. १३ ला ७ ने भागून बाकी ६, चालत नाही. १३ + ७२ = ८५, ७ ने भागून बाकी १. उत्तर ८५. ज्यांना वरचे तीन प्रकार जमले त्यांना हा जरूर द्या. बाकी न बिघडवता किती उडी मारता येते, तर लसाविएवढी, हे इथे नीट दिसतं.

खरंच आकडेमोड चुकत असेल तर

उभ्या मांडणीत मसाविची सवय लसाविला लागते. १२, १५, १८ ला ३ ने भागलं: ४, ५, ६. आता तिघांना सामाईक काही नाही म्हणून मूल थांबतं आणि ३ × ४ × ५ × ६ = ३६० लिहितं. मसाविला तिथे थांबणं बरोबर. लसाविला नाही. कोणत्याही दोन संख्यांना भाग जात असेल तोवर भागत राहायचं. ४ आणि ६ ला २ ने: २, ५, ३. मग ३ × २ × २ × ५ × ३ = १८०.

तपासणी: उत्तराला प्रत्येक संख्येने भागा. ३६० वरून ३०, २४, २० येतात, तिघांत २ सामाईक, म्हणजे उत्तर दुप्पट झालंय. १८० वरून १५, १२, १० येतात, तिघांत सामाईक काही नाही, म्हणजे ठीक.

आणि 'लसावि × मसावि = संख्यांचा गुणाकार' हे फक्त दोन संख्यांसाठी. ४, ६, १० ला लावून पाहा: ६० × २ = १२०, गुणाकार मात्र २४०.

सुरुवात एकत्र झालीच नसेल तर

लसावि फक्त इतकंच सांगतो की एकदा एकत्र आल्यावर पुन्हा किती काळाने एकत्र येतील. पहिल्यांदा कधी, हे तो सांगत नाही. अमेरिकेत जमिनीखाली वर्षानुवर्षं वाढून ठरलेल्या वर्षी एकदम बाहेर येणारे सिकाडा नावाचे किडे आहेत. त्यांचा एक समूह १३ वर्षांनी येतो, दुसरा १७ वर्षांनी. १३ आणि १७ दोन्ही मूळ संख्या, लसावि २२१. त्यातले दोन ठरावीक समूह १८०३ मध्ये एकाच वर्षी बाहेर आले होते, पुन्हा २०२४ मध्ये आले, आता २२४५ मध्ये येतील. हा हिशेब जमतो तो १८०३ माहीत आहे म्हणून. नुसत्या १३ आणि १७ वरून २०२४ काढता आलं नसतं.

पेपरात हे असं येतं: एक बस ७:०० पासून दर १५ मिनिटांनी सुटते, दुसरी ७:०५ पासून दर २० मिनिटांनी. एकाच वेळी कधी सुटतील? लसावि ६० काढून '८:००' लिहिणं हे इथलं नेहमीचं चुकीचं उत्तर. सरळ वेळा लिहा. पहिली ७:००, ७:१५, ७:३०, ७:४५. दुसरी ७:०५, ७:२५, ७:४५. पहिल्यांदा ७:४५ ला. आता लसावि कामाला येतो: त्यानंतर दर ६० मिनिटांनी, म्हणजे ८:४५, ९:४५.

दुसरी बस ७:०५ ऐवजी ७:०२ ला सुरू होत असेल तर वेळा लिहीत बसू नका. पहिल्या बसची मिनिटं नेहमी ५ च्या पटीत, दुसरीची नेहमी २ ने संपणारी: ०२, २२, ४२. त्या कधीच एकत्र सुटणार नाहीत. सुरुवातीच्या वेळांमधल्या फरकाला (२) दोन अंतरांच्या मसाविने (५) भाग जात नसेल, तर गाठ पडत नाही. 'कधीच नाही' असं उत्तर लिहायला मुलं कचरतात, आपलंच काहीतरी चुकलं असेल असं त्यांना वाटतं. म्हणून सुरुवातीच्या वेळा वेगळ्या दिसल्या की लसाविच्याही आधी हा एक भागाकार करून घ्या. 'यांपैकी नाही' हा पर्याय कधीकधी खरोखरच बरोबर असतो.